शाडूचा जिल्हा

आता मला कुणी विचारत नाही, की तुमच्या गावचं पाणी कुठं जातं.

लोक विचारतात, राहता कुठं, मिस्टर काय करतात, मुलगा कुठल्या कंपनीत आहे, शिफ्ट कुठली. पाण्याचं कुणाला काही पडलेलं नाही. पेणच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी मात्र शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकताच पहिला प्रश्न आला तो हाच. विचारणारे गृहस्थ खिडकीशी बसून नखांतली माती काडीनं काढत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"मी रोह्याची," मी म्हटलं. "आमचं पाणी कुंडलिकेला जातं."

"ते पुस्तकात आहे. तुमच्या मोरीचं कुठं जातं?"

भूगोलाची पदवी घेऊन आले होते, पण मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर जातं, इथवरच माझा अभ्यास. "उद्या बघून या," असं म्हणून ते परत नखांकडे वळले. मला असा राग आला म्हणता. पण संध्याकाळी एसटीतून उतरले ती थेट घराच्या मागं गेले. गटाराच्या कडेकडेनं, शेजाऱ्यांच्या केळीखालून, पुढं एका वहाळापर्यंत पदर खोचून चालत राहिले. सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या, "काय हरवलं गो तुझं?" आता त्यांना काय सांगणार? दुसऱ्या दिवशी सरांना सगळा मार्ग सांगितला, थेट रेवदंड्याच्या खाडीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आता शिकवायला हरकत नाही."

भूगोलाचे आमचे हे सर. मुलं त्यांना मागून शाडूसर म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. बुटका, काटक माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर कुठं ना कुठं वाळलेल्या मातीचा ठिपका असायचाच. छत्री बारमाही, कारण नकाशावर बोट दाखवायला त्यांना छत्रीचं टोकच लागे. मनगटाला घड्याळ नाही. खाडीकाठचा माणूस, सगळा हिशेब भरती-ओहोटीवर. मुख्याध्यापकांनी विचारावं, "सर, सहामाहीचे गुण कधी देता?" आणि यांनी खिडकीतून बाहेर बघत म्हणावं, "ओहोटीला देतो." मुख्याध्यापक कपाळाला हात लावत, पण गुण वेळेवर येत.

पाण्याचा प्रश्न ते कुणालाही विचारत. कंडक्टरला विचारत, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना विचारत. एकदा आमच्या शिपाईमामांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तिथं मोठं माणूस म्हणून सरांना बसवलं, तर त्यांनी नवऱ्या मुलाला पगार विचारायच्या आत पाणी विचारलं. मुलगा घाटावरचा, तळेगावकडचा. इंद्रायणी म्हणाला. सरांनी त्याला तिथंच भीमेत नेलं, भीमेतून कृष्णेत, आणि पार बंगालच्या उपसागरात सोडून दिलं. पाहुणे गेल्यावर शिपाईमामा काकुळतीनं म्हणाले, "सर, कसा वाटला पोरगा?" सर म्हणाले, "पोरगा झाक आहे. फक्त त्याचं पाणी आपल्या उलट्या बाजूला जातं. पण संसार काही पाण्यावर चालत नाही, द्या बिनधास्त." लग्न झालं, चांगलं झालं. अजून ती मुलगी माहेरी आली की हा किस्सा सांगून हसते.

शाडूसर हे नाव पडलं ते जिल्ह्याच्या नकाशामुळे. गणपती गेले की जोह्याच्या, हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यांत उरलीसुरली शाडूची माती पडून असते. सर ती मागून आणत. कारखानदारांची पोरं त्यांच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे नाही कोण म्हणणार? पुढं पुढं सगळीकडे प्लास्टरच्या मूर्ती होऊ लागल्या तशी माती मिळेना, पण सर दारोदार फिरून गोळा करत. मुलांना सांगत, "माती गुजरातची, देव पेणचा, गिऱ्हाईक मुंबईचं. आता बोला, ही माती कुठली?" मुलं चक्रावून जात आणि सर खूश होत.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या मागच्या ओट्यावर फळ्या टाकून त्यांच्यावर जिल्हा घडायचा. एका अंगाला सह्याद्री, एका अंगाला समुद्र, मधून पाताळगंगा, भोगावती, अंबा, कुंडलिका. नद्या सर स्वतः अंगठ्यानं ओढत. बाकी सगळं मुलांचं. गृहपाठ एकच असे. आपल्या गावात वर्षभरात काय बदललं ते डोळ्यांनी बघून यायचं आणि नकाशात करायचं. खांब गावचा मुलगा सांगायचा, हायवे रुंद करायला स्टँडजवळची झाडं तोडली. मग त्यानं गेल्या वर्षी लावलेल्या काड्या यंदा लावायच्या नाहीत. गडबचं कुणी सांगायचं, दोन ढाबे झाले, टॉवर आला. कोकण रेल्वे आली तेव्हा सुतळी दाबून बसवली. रोह्याकडे कंपन्या वाढत गेल्या तशा माझ्या गावाशेजारी धुराड्यांसाठी खोचलेल्या आगपेटीच्या काड्या वाढत गेल्या, आणि दर वर्षी सर माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाई, तुमच्याकडं धूर फार."

आणि वर्ष संपताना हा सगळा जिल्हा शाळेच्या हौदात बुडवायचा. पेणची पोरं ती, मातीचं काही पाण्यात घालायचं म्हटलं की त्यांच्या तोंडून आपोआप मोरया निघतो. फळ्या खांद्यावर घेऊन वाजतगाजत मिरवणूक निघायची. पहिल्या वर्षी मुलं ओरडली, "पुढच्या वर्षी लवकर या." सरांनी त्यांना थांबवलं. "लवकर नाही. पुढच्या वर्षी बदलून या." तेव्हापासून तीच घोषणा झाली. सह्याद्री विरघळायला सगळ्यात जास्त वेळ लागे, आणि तो विरघळेपर्यंत सर हौदाच्या काठावर बसून राहत.

एका वर्षी जोह्याच्या पोरांनी सरांना आनंद द्यायचा म्हणून घरच्या कारखान्यात प्लास्टरचा नकाशा करून आणला. वर्षभर मूर्तींना फिनिशिंग करणारे हात ते, त्यांनी सह्याद्रीलासुद्धा पॉलिश पेपर मारला होता. डोंगर असे गुळगुळीत झाले होते, की गणपतीच्या गालांवरून हात फिरवल्यासारखं वाटावं. कडेनं सोनेरी पट्टी, खाडीला पितांबराचा रंग. सरांनी अंबेवरून अंगठा फिरवून बघितला. मुलांचं मन मोडवेना. "हात सुंदर आहे रे तुमचा," ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी तो नकाशा लगेच आपल्या खोलीत टांगला. सरांनी नंतर मला हळूच सांगितलं, "हा आता म्हातारा होणार नाही. पाच-दहा वर्षांनी हा नुसता थापा मारत बसेल."

असा हा माणूस, आणि त्याच्या नकाशात एक जागा दर वर्षी तशीच राहायची.

गडबच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी, सरांचं स्वतःचं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण आम्ही शाळेत लागण्याच्या कितीतरी आधी खाडीचा बाहेरचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. बांध वेळेवर बांधला गेला नाही. दुसऱ्या वर्षी भात झालं नाही, तिसऱ्या वर्षी विहिरी खारट झाल्या, मग माणसं एकेक करून उठली. सरांचे आईवडील पेणला भाड्याच्या खोलीत येऊन राहिले आणि तिथंच गेले. सर अजून त्याच खोलीत होते. दर वर्षी बांधासाठी अर्ज, दर वर्षी कचेऱ्यांच्या पायऱ्या. साहेब बदलत, उत्तर बदलत नसे.

नकाशावर ती जागा ते कुणाला करू देत नसत. सगळी मुलं घरी गेली की एकटेच ओट्यावर बसून तिथं माती सारखी करायचे, काडीनं बारीक बांध आखायचे आणि खिशातून पुडी काढून त्या खाचरांत खरं भात दाबायचे. शिक्षकांच्या खोलीत हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नसे. मी नवी होते आणि माझी जीभ तशीही लवकर सुटते, म्हणून मी एकदा विचारलं, "सर, बाकीच्यांना बदललेलं करायला लावता, आणि हे?"

ते रागावले नाहीत. हातातली माती चोळत म्हणाले, "बाई, तिथं तिवरं उगवायला लागलीत, खारफुटी. तिवरांना कायद्यानं हात लावता येत नाही. एकदा तिथं जंगल आहे असं ठरलं, की शेत गेलं. बांध कोण बांधणार मग? कशाला बांधणार? म्हणून मी तरी तसं दाखवणार नाही."

मला ते पटलं नाही, कळलं मात्र पुरतं. माझ्या माहेरची, सासरची शेतं जागच्या जागी होती.

मग शाळेत मोठा पडदा आला. पेणचेच कुणी माजी विद्यार्थी, त्यांनी दिला. त्याबरोबर संगणक आला, इंटरनेट आलं, अलिबागला आमचं शिबिर झालं. त्या दिवसांत शाळेचंही सगळं पालटत होतं. मुलं इंग्रजी माध्यमाकडे चालली होती, आमच्या तुकड्या कमी होत होत्या, भूगोलाचे तास इतर विषयांना उसने जात होते आणि परत येत नव्हते. एक पालक तर सरांना तोंडावर म्हणाले, "सर, भूगोलाला एवढं काय करायचं हाय? फोनमदी म्याप हायच की." आम्हाला वाटलं, आता सर पडद्यावर रुसणार. ओट्यावर एकटेच माती मळत बसणार.

झालं उलटंच. आकाशातून दिसणारी जमीन त्यांनी पहिल्यांदा पडद्यावर बघितली आणि माणूस पार वेडा झाला. माउस धरायला जमेना, तो ते मातीच्या गोळ्यासारखा दाबून धरत. शाळा सुटली तरी घरी जायचं नाव नाही. अंबा नदीचं एकेक वळण धरून ते वर घाटापर्यंत जायचे आणि परत खाली यायचे. "बाई, इकडे या, इकडे या," म्हणून मला हाका मारायचे, आणि माझी एसटी चुकायची. "जन्मभर अंगठ्यानं ओढली ही नदी. नागोठण्याजवळ मी हिला सरळ करत होतो हो. बघा किती वळते." चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. पडद्यानं एका वाडीचं नाव भलत्याच टेकडीवर लिहिलं होतं, त्यावर छत्रीचं टोक आपटून त्यालाही त्यांनी रागे भरलं.

मुलांना तर पर्वणीच. प्रत्येकाचं घर शोधायचं. कुणाच्या छपरावर निळी ताडपत्री सापडायची, कुणाच्या खळ्यात उभी बैलगाडी. पण सरांनी स्वतःचं गाव कधी काढलं नाही. अंबेवरून खाली येता येता धरमतरच्या खाडीत शिरलं, की त्यांचा हात आपोआप दुसरीकडे वळायचा. मला ते दिसायचं.

त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. हिवाळा संपत आला होता, नकाशाची फळी ओट्यावर तयार होती, फक्त ती एक जागा कोरी होती. सरांचा तास चालू होता आणि पडदा चालवायला मला मदतीला बोलावलं होतं, म्हणून मी मागच्या बाकावर होते. सगळ्यांची घरं बघून झाली आणि एक मुलगा म्हणाला, "सर, तुमचं गाव दाखवा ना." लगेच सगळा वर्ग मागं लागला. सर म्हणाले, "माझ्या गावाला काय बघायचंय?" पण मुलं सोडतात होय?

त्यांनी माउस हातात घेतला. गडब आलं, हायवे आला, मग पश्चिमेला सरकत सरकत खाडी आली, आणि खाडीच्या तोंडाशी पडदाभर गडद हिरवं पसरलं.

वर्ग खूश झाला. "सर, केवढी शेती तुमची." "एकदम हिरवंगार, सर." "सर, आमच्यापेक्षा भारी भात आलंय." कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आतल्या गावांतली मुलं ती, हिरवं म्हणजे भात एवढंच त्यांच्या डोळ्यांना माहीत.

मी सरांकडे बघितलं. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं हसून पुढं गेले असते तरी कुणाला कळलं नसतं, आणि मी तर कधीच बोलले नसते. खरं सांगते, त्यांनी पुढं जावं असंच मला वाटत होतं. तास संपायला थोडाच वेळ उरला होता. पण वर्गात दुसऱ्या बाकावर खाडीकडच्या वस्तीतली एक मुलगी बसायची. कोळंबी-मासळीवर जगणारं घर. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती खाली मान घालून बसली होती. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि मग छत्री उचलली.

"हे गडब," ते म्हणाले. "इथली शेतं कुठल्या रंगाची दिसतात?"

"मातकट, सर."

"का?"

"भात कापलंय, सर. उन्हाळ्यातला फोटो असंल."

"मग त्याच दिवशी, शेजारीच, हे एवढं हिरवं कसं?"

कुणी म्हणालं वाल असतील, कुणी म्हणालं पाणी असेल. सरांनी चित्र आणखी जवळ आणलं. "बांध दिसतात का कुठं? खाचरं दिसतात?" नव्हती दिसत. नुसतं दाट हिरवं, आणि मधून केसासारखे पाण्याचे ओघळ.

"तू सांग," सर त्या मुलीला म्हणाले.

ती उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सर, ती शेती नाय. तिवरं हायत."

"कशावरून?"

"माझं बाबा तिथं चिंबोऱ्या पकडायला जातात."

"बरोबर," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तिवरं. हिरवं दिसलं म्हणून भात म्हणायचं नाही. आधी महिना बघायचा, मग बांध बघायचे." आणि त्यांनी खडू घेऊन फळ्यावर तिवराचं झाड काढलं. खारट चिखलात त्याची मुळं श्वास घ्यायला वर कशी येतात, तिथं मासळीची पिल्लं कशी वाढतात, किनारा कसा धरून ठेवला जातो, सगळं सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं हलली नाहीत. तिवरांवर इतकं सुंदर मी ना कधी ऐकलं, ना मला कधी शिकवता आलं. मी मागच्या बाकावर मान खाली घालून डोळे पुसत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी त्या मुलीला ओट्यावर नेलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ही तू कर." ती भांबावली. "सर, मला नाय जमायचं." "तुझ्या वडलांची होडी जिथून जाते तिथून अंगठा ओढ," ते म्हणाले. तिनं ओढला. मऊ मातीत खाडीची एक बारीक रेघ गावाच्या मधोमध गेली. सर हौदावर जाऊन हात धुऊ लागले, आणि बराच वेळ धुतच राहिले. त्यानंतर त्यांनी बांधाचा अर्ज केला नाही.

निवृत्तीनंतर त्यांची गाठभेट कमी झाली. शाळेतला ओटा पुढं सायकलींच्या शेडखाली गेला. मी पडद्यावर शिकवत राहिले, मुलं हुशार होती, सगळं छान चालू होतं, आणि तरी शिक्षकांच्या खोलीतल्या त्या खिडकीकडे बघायचं मी टाळत असे. अजूनही नवं कुणी भेटलं की वाटतं आपण विचारावं पाण्याचं. विचारत नाही. ते त्यांनाच शोभत होतं.

निवृत्तीच्या पुढच्याच वर्षाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. रविवारची सकाळ, मी रोह्याला घरी अंगणात होते, तर फाटकाशी सर. पेणहून पहिल्या एसटीनं आलेले. बगलेत छत्री, सदऱ्यावर चिखलाचे शिंतोडे, आणि हातात ओल्या गोणपाटानं झाकलेली पिशवी. पिशवी आतून हलत होती.

"आत या ना सर, चहा टाकते."

"चहा नंतर. आधी हे घ्या."

गोणपाट बाजूला केलं तर आत मोठमोठ्या चिंबोऱ्या, खाडीतले काळे खेकडे, नांग्या सुंभानं घट्ट बांधलेल्या. आदल्या दिवशी त्या मुलीच्या वडलांबरोबर ते होडीतून गेले होते. भरतीला आत शिरले, ओहोटीला बाहेर आले. त्यांच्या घराचा चौथरा कुठं असेल ते त्यांनी तिवरांच्या मुळांतून ओळखलं होतं, आणि घरामागच्या खाचरात त्यांनी स्वतः बिळांत आकडी घालून चिंबोऱ्या काढल्या होत्या. हे सगळं ते अंगणात उभ्या उभ्या, श्वास न घेता सांगत होते.

"एवढ्या लांब कशाला आणल्यात सर? घरी ठेवायच्या ना."

"छे. नवं घरात आलं की पहिलं दुसऱ्याच्या घरी द्यायचं असतं. आमच्या शेतातल्या आहेत ह्या."

आमच्याकडे तसंच करतात. नवं भात कांडलं की पहिले तांदूळ शेजारी जातात. मी पिशवी घेतली. रिकामी पिशवी परत द्यायची नाही म्हणून आत गेले आणि सवयीनं तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं. मग ते परत लावलं आणि पिशवीत नारळ घातले.

बाहेर आले तर सासूबाई चिंबोऱ्या निरखत होत्या. खेड्यातल्या बाईच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय मग पीकपाणी?"

"यंदा बरं आलंय," सर म्हणाले.